आधी पट्टे, मग तोफा: ओगरशी लढायची रीत आणि आमचे घरचे नियम

ओगर हा पटावरचा युद्धखेळ, आणि त्यातल्या अजस्र रणगाड्याचं नावही ओगरच. त्याला चालवणाऱ्या साखळ्यांचे १६ पट्टे उरले होते आणि माझं ठाणं त्याच्यापासून तीन घरांवर होतं. त्याची मुख्य तोफ गेली होती, दुय्यम तोफा गेल्या होत्या, क्षेपणास्त्रं कधीच संपली होती. उरल्या होत्या दोन पायदळमारक बंदुका, पल्ला एक घर. माझ्याकडे एक मिसाईल टँक आणि पायदळाची एक तुकडी. मी दोघांचाही मारा त्या बंदुकांवर केला. एक बंदूक उडाली, दुसरी वाचली. मावसबहिणीने ओगर दोन घरं पुढे सरकवला, शेजारच्या घरातून ठाणं उडवलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. "दादा, पट्टे मोजले असतेस तर?"

मग मोजले. पंधरावर आला की या ओगरची चाल दोनवरून एकवर येते. म्हणजे एकच पट्टा उडवायचा होता. चाल एक झाली असती, तर चाल आणि पल्ला मिळून तो दोनच घरांपर्यंत पोचला असता आणि ठाणं आणखी एक फेरी तगलं असतं. दोन्ही बंदुका उडण्याची शक्यता होती ९ पैकी २. दोन माऱ्यांत निदान एकदा पट्टा तुटण्याची शक्यता होती ९ पैकी ५. त्या दिवसापासून मी हा खेळ वेगळ्या पद्धतीने खेळतो, आणि ती पद्धत इथे सविस्तर लिहितो आहे.

खेळाची ओळख

ओगर हा अमेरिकन खेळ १९७७ साली मेटागेमिंग या कंपनीने काढला. छोट्या, स्वस्त खेळांच्या मालिकेतला तो पहिला, किंमत २ डॉलर ९५ सेंट. रचना स्टीव्ह जॅक्सन यांची. याच नावाचे एक ब्रिटिश खेळरचनाकारही आहेत, ते वेगळे. पुढच्याच वर्षी जीईव्ही हा जोडखेळ आला. जॅक्सन यांनी १९८० मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि पुढे ओगर तिच्याकडे आला. २०१२ साली थोरल्या पेटीच्या आवृत्तीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ९ लाख २३ हजार डॉलरहून जास्त पैसे जमले, आणि त्या पेटीचं वजन भरलं सुमारे १३ किलो. खेळायला मात्र तेवढं काही लागत नाही. षटकोनी घरांचा एक नकाशा, सोंगट्या, एक फासा आणि ओगरची नोंद ठेवायला कागद-पेन्सिल पुरते.

कथा एकविसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. चिलखत इतकं सुधारलंय की छोटे अणुबॉम्ब रोजच्या तोफगोळ्यांसारखे वापरले जातात, पायदळ यांत्रिक चिलखतात फिरतं, आणि ओगर हा माणसाशिवाय चालणारा, स्वतः विचार करणारा रणगाडा आहे. एका बाजूला तो एकटा. दुसऱ्या बाजूला एक ठाणं आणि ते राखणारी फौज. ओगरने ठाणं उडवायचं आणि जमलं तर आल्या वाटेने जिवंत परत जायचं.

आपल्याकडचा वाघ-बकरी ज्यांनी खेळला आहे, त्यांना हा साचा नवा वाटणार नाही. त्याचे पट महाराष्ट्रात देवळांच्या फरशीवर कोरलेलेही सापडतात. तिथेही एका बाजूला मोजकेच बलवान आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळ दुबळे. बकऱ्या वाघाला मारू शकत नाहीत, त्याची वाट कोंडतात. ओगर मारता येतो, पण डाव हाती येतो तो त्याचं चालणं कमी केल्यावरच.

पायरी पहिली: आकडे पाठ करा

हे टाळून पुढे जाता येत नाही. मी मूळ खेळातल्या मार्क थ्री या प्रकारच्या ओगरबद्दल बोलतो आहे, कारण शिकायला तोच बरा.

त्याच्याकडे एक मुख्य तोफ: मारा ४, पल्ला ३, बचाव ४. चार दुय्यम तोफा: मारा ३, पल्ला २, बचाव ३. दोन क्षेपणास्त्रं: मारा ६, पल्ला ५, बचाव ३, आणि एकदा सोडलं की संपलं. आठ पायदळमारक बंदुका: मारा १, पल्ला १, बचाव १. पट्टे ४५, चाल ३. दर १५ पट्टे गेले की चाल एकने घटते: ३० उरले की २, १५ उरले की १, शून्यावर जागीच बसला. (मार्क फाइव्हला ६० पट्टे आणि तोफाही जास्त. तो नंतर.)

बचाव करणाऱ्याला पायदळाच्या २० तुकड्या आणि १२ चिलखती वाहनं मिळतात. हेवी टँकचा मारा ४, पल्ला २, बचाव ३, चाल ३. मिसाईल टँकचा मारा ३, पल्ला ४, बचाव २, चाल २. जीईव्ही म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत धावणारी गाडी: मारा २, पल्ला २, बचाव २, आणि चाल दोनदा, गोळीबाराआधी ४ घरं आणि गोळीबारानंतर ३. हॉवित्झर ही जागची न हलणारी तोफ: मारा ६, पल्ला ८, बचाव फक्त १, आणि ती दोन वाहनांच्या जागी मोजायची. पायदळाच्या तुकडीचा मारा १, पल्ला १, बचाव १, चाल २, आणि एका घरात तीन तुकड्या मावतात. ठाण्याला बचाव नाहीच, कोणताही मारा बसला की ते गेलं.

आता युद्धतक्ता. मारा भागिले बचाव, उरलेला अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडून द्यायचा. एकास दोन या प्रमाणात ओगरचं हत्यार फक्त ६ ला उडतं. एकास एकला ५-६ ला, दोनास एकला ४ ते ६ ला, तीनास एकला ३ ते ६ ला, चारास एकला २ ते ६ ला, आणि पाचास एक झालं की फासा टाकायचीच गरज नाही. वाहनांच्या बाबतीत मधल्या आकड्यांना 'निकामी' असा निकाल येतो, म्हणजे वाहन एक पाळी ठप्प. ओगरला निकामी लागू होत नाही. एक तर उडालं, नाहीतर काहीच झालं नाही.

'अपूर्णांक सोडून द्या' या शब्दांत अर्धा खेळ दडलेला आहे. मुख्य तोफेचा बचाव ४. तिच्यावर दोन मिसाईल टँकचा मारा ६, म्हणजे एकास एक, शक्यता तीनात एक. त्यांच्याऐवजी एक मिसाईल टँक आणि दोन जीईव्ही मिळून ७ केले, तरी एकास एकच. ८ केले की लगेच दोनास एक, शक्यता निम्मी. म्हणून ५, ६, ७ चा मारा मुख्य तोफेवर कधीही करू नका. ४, ८ किंवा १२ करा, नाहीतर उरलेलं दुसरीकडे वापरा. नवशिक्याचे निम्मे गोळे या गाळ्यात वाया जातात.

पायरी दुसरी: पट्ट्यांचा हिशोब

पट्ट्यांवरचा मारा नेहमी एकास एकच धरतात, मारणारा कितीही मोठा असो. ५ किंवा ६ पडला की माऱ्याच्या आकड्याइतके पट्टे जातात. वेगवेगळ्या वाहनांचा मारा इथे एकत्र करता येत नाही, प्रत्येकाचा फासा वेगळा. म्हणजे पट्ट्यांवर केलेल्या माऱ्याची सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. हॉवित्झर दोन पट्टे, हेवी टँक एकाहून थोडा जास्त, जीईव्ही एकाला थोडी कमी.

उलट बाजूने बघा. चाल तीनवरून दोनवर आणायला १५ पट्टे, म्हणजे सरासरीने ४५ इतका मारा लागतो. पूर्ण थांबवायला १३५. तुमच्या सगळ्या फौजेचा एका फेरीचा मारा पन्नाशीच्या आसपास असतो, आणि सगळी फौज एकाच वेळी पल्ल्यात कधीच नसते. ओगर ठाण्यापर्यंत सहा-सात फेऱ्यांत पोचतो. त्यामुळे पट्टे मारायला शेवटी सुरुवात करून चालत नाही. पहिल्या गोळीपासून करावी लागते, थोडी थोडी का होईना.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात मी एका जुन्या रणगाड्याच्या पट्ट्याजवळ बराच वेळ उभा होतो. लोखंडी पाट्या एकमेकींत खिळीने ओवलेल्या, प्रत्येक पाटी तळहाताहून मोठी. त्यातली एक खीळ निघाली तर एवढं धूड जागचं हलणार नाही, हे तिथे नुसतं बघून कळतं. मूळ खेळात हा विचार किती नेमका बसवला आहे, याचं मला तेव्हापासून अप्रूप आहे.

पायरी तिसरी: अंतराचा कोष्टक डोक्यात ठेवा

माझ्या मते या खेळाचं मर्म इथे आहे, म्हणून थोडं सावकाश घेतो.

ओगर तुमच्यापर्यंत पोचतो ते अंतर म्हणजे त्याची चाल अधिक हत्याराचा पल्ला. चाल ३ असताना क्षेपणास्त्र ८ घरांपर्यंत पोचतं, मुख्य तोफ ६, दुय्यम तोफा ५. चाल २ झाली की ७, ५, ४. चाल १ झाली की ६, ४, ३.

जीईव्ही काय करते? पुढे येते, दोन घरांवरून मारते आणि तीन घरं मागे पळते. म्हणजे तिची पाळी संपते तेव्हा ती पाच घरांवर उभी असते. आता हा पाचाचा आकडा वरच्या तिन्ही ओळींवर ठेवून बघा. ओगरची चाल ३ असेल तर चारही दुय्यम तोफा तिला गाठतात. दोन दुय्यम तोफा मिळून मारा ६, जीईव्हीचा बचाव २, तीनास एक. अशा दोन जोड्या, वर मुख्य तोफ. एका फेरीत दोन जीईव्ही गमावल्या तर नवल नाही. चाल २ वर आली की दुय्यम तोफा चार घरांवरच थांबतात. आता तिला फक्त मुख्य तोफ आणि उरलेली क्षेपणास्त्रं गाठू शकतात. चाल १ वर आली की क्षेपणास्त्रांशिवाय काहीच नाही.

एक टप्पा उतरवला की चार तोफा एका झटक्यात बिनकामाच्या झाल्या. चारही तोफा एकेक करून फोडायला किती मारा लागला असता त्याचा हिशोब करा! एका दुय्यम तोफेवर हॉवित्झरचा पूर्ण मारा टाकला तरी शक्यता निम्मीच. गनिमी काव्याचा सगळा जोर शत्रूपेक्षा वेगाने पळता येण्यात असतो, आणि ओगरची चाल तीन आहे तोवर तुम्हाला तसं पळता येत नाही.

म्हणून माझा क्रम असा: पहिल्या फेऱ्यांत जीईव्ही पूर्ण उधळायच्या नाहीत. हॉवित्झर, पायदळ आणि वाटेत उभे केलेले टँक यांनी पट्टे ३० वर आणायचे. मुख्य तोफेवर आठाचा किंवा बाराचा मारा जुळला तरच करायचा. चाल दोनवर आली आणि मुख्य तोफ गेली, की जीईव्ही मोकळ्या सोडायच्या.

एक फेरी तपशिलात दाखवतो. समजा ओगरकडे ३८ पट्टे आहेत, मुख्य तोफ शाबूत आहे. तुमच्या पल्ल्यात दोन हॉवित्झर, दोन हेवी टँक, तीन जीईव्ही. एकूण मारा २६. सगळा पट्ट्यांवर टाकला तर सरासरी ८ हून थोडे जास्त पट्टे, आणि ८ गेले पाहिजेत, की चाल २. आता मारे एकेक करून होतात आणि पुढचं लक्ष्य आधीचा फासा बघून ठरवता येतं. तेव्हा आधी दोन्ही हॉवित्झर पट्ट्यांवर. दोन्ही लागल्या, १२ गेले, काम झालं. आता दोन हेवी टँक मिळून ८ चा मारा मुख्य तोफेवर, दोनास एक. एकच हॉवित्झर लागली, ६ गेले, दोन उरले. मग आधी तिन्ही जीईव्ही एकेक करून, कारण कोणतीही एक लागली तरी पुरते. एकही हॉवित्झर लागली नाही, तर हेवी टँकही पट्ट्यांवर. मोठ्यापासून लहानाकडे उतरत जायचं, म्हणजे शेवटी नेमकं किती कमी पडतंय ते कळतं आणि तेवढंच खर्च होतं.

पायरी चौथी: मांडणी

माझी नेहमीची बारा: दोन हॉवित्झर (चार मोजून), चार जीईव्ही, तीन हेवी टँक, एक मिसाईल टँक. पायदळासकट एकूण मारा ५५. याहून चांगली मांडणी असू शकेल, पण शिकताना हिच्यात सगळ्या प्रकारांचा हात बसतो.

हॉवित्झरबद्दल एक गोष्ट जपा. क्षेपणास्त्राचा पल्ला ५ आणि हॉवित्झरचा बचाव १, म्हणजे क्षेपणास्त्र सुटलं की ती गेलीच, फासाही नाही. दोन हॉवित्झर शेजारी ठेवल्या तर एकाच घरात उभा राहून ओगर दोघींना एका पाळीत संपवतो. दोघींमध्ये निदान अकरा घरांचं अंतर ठेवा. मग दोन्हींपासून पाच घरांच्या आत येईल असं एकही घर नकाशावर उरत नाही. एक पडली तरी दुसरी किमान एक फेरी जास्त बोलते. ठाणं दोघींच्या मधोमध मागे ठेवलं, की त्याच्या आसपासची जागा दोघींच्याही आठाच्या पल्ल्यात येते.

मार्क थ्रीच्या डावात नकाशाच्या पुढच्या भागात फक्त २० इतका मारा मांडता येतो. तिथे मी चारही जीईव्ही (८) आणि पायदळाच्या १२ तुकड्या ठेवतो. पायदळ पुढे का? कारण त्याची चाल २, ओगरची ३. मागे राहिलेलं पायदळ त्याला धरू शकत नाही, त्याच्या वाटेवरच असावं लागतं. चाल २ झाली की ते बरोबरीने चालतं, १ झाली की त्याला घेरतं. तुकड्या तीन-तीन एकत्र ठेवा. एकट्या तुकडीवर एक दुय्यम तोफ तीनास एक पडते, तिघींच्या गटावर एकास एक. शिवाय निकामीचा निकाल आला तर गटातली एकच तुकडी जाते, आणि ओगर अंगावरून गेला तरी एकच.

विवरांकडे लक्ष द्या. विवर कोणालाच ओलांडता येत नाही, म्हणून ओगरला वळसा घ्यायला लावणारी तीच एक गोष्ट. ठाण्यासमोर विवरांची दाटी असेल तर त्याच्या चालीतली दोन-तीन घरं फुकट जातात, म्हणजे तुम्हाला जवळजवळ एक फेरी बक्षीस. ढिगाऱ्याच्या कडा मात्र ओगर आणि पायदळ सहज ओलांडतात. त्या अडवतात तुमच्याच टँकना. हेवी टँक अशा कडेमागे ठेवून सुरक्षित वाटून घेऊ नका. भूभाग गोळी अडवत नाही, आणि पळायची वाट तेवढी बंद होते.

ओगर चालवताना

ओगरची बाजू सोपी वाटते. ती तशी नाही, फक्त कमी बोटं लागतात.

दर फेरीला प्रत्येक तोफेला लक्ष्य मिळालं पाहिजे. चाल ठरवताना ठाण्याकडे बघण्याआधी, कोणत्या घरातून सगळ्यात जास्त तोफा कामाला लागतात ते बघा. पण त्यासाठी मागे वळू नका. मागे गेलेलं प्रत्येक घर बचाव करणाऱ्याला पट्टे मारायला दिलेला वेळ आहे.

क्षेपणास्त्रं जपून ठेवायचा मोह होतो. शेवटी कामाला येतील म्हणून ठेवलेली क्षेपणास्त्रं बहुधा न सुटताच उडवली जातात, त्यांचा बचाव फक्त ३ आहे. पहिली हॉवित्झर पाच घरांत आली की सोडून मोकळे व्हा.

धडक हे हत्यार विसरू नका. निकामी झालेलं वाहन किंवा हॉवित्झर तुमच्या चालीच्या टप्प्यात असेल तर त्यावर गोळा घालवायचा नाही, अंगावर जायचं. ते नक्की जातं. एक पट्टा जातो, हेवी टँक असेल तर दोन. तेवढ्यात वाचलेल्या तोफा दुसरीकडे लागतात. फक्त ३१ किंवा १६ पट्ट्यांवर असताना धडक मारू नका. तो एक पट्टा तुमची चाल घेऊन जाईल. हे वाक्य माझ्या मावसबहिणीने तिच्या ओगरच्या नोंदकागदावर वरच्या बाजूला लाल शाईने लिहून ठेवलं आहे.

आणि परतीचे पट्टे राखा. ठाणं उडवून ओगर परतला तर खरा विजय, तिथेच संपला तर निसटता.

आमचे घरचे नियम

घरचा नियम करताना आम्ही एक पथ्य पाळतो: आधी कागदावर सरासरी काढायची, मग खेळायचं. नियम ऐकायला छान असतो आणि डाव एका बाजूला झुकवतो, हे बहुतेक वेळा आकडेमोडीतच दिसतं.

बाजूंचा लिलाव. कोणाला कोणती बाजू, यावरून होणारी कुरबुर याने संपली. दोघांनी चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं: पायदळाच्या किती तुकड्यांत मी बचाव करेन? ज्याचा आकडा कमी, तो बचाव करतो, आणि तेवढ्याच तुकड्यांत. सारखा आला तर फासा. खेळाडू जसे तयार होतात तसा हा आकडा आपोआप खाली येतो. आमच्याकडे विसावरून चौदा-पंधरावर आला आहे. एकच घरचा नियम घ्यायचा असेल तर हा घ्या.

अर्धे पट्टे. पट्ट्यांवर ३ किंवा ४ पडला, तर माऱ्याच्या निम्मे पट्टे जातात, अपूर्णांक सोडून. कारण मूळ नियमात हॉवित्झरला एक तर सहा मिळतात नाहीतर शून्य, आणि लागोपाठ चार वेळा शून्य आलं की चांगला रचलेला डाव हातचा जातो. पण एवढंच केलं तर ओगर मरतो. हिशोब असा: हॉवित्झरची सरासरी दोनवरून तीन, म्हणजे दीडपट. जीईव्ही आणि हेवी टँकचीही दीडपट. मिसाईल टँकला ३-४ ला एकच पट्टा मिळतो, म्हणून एकवरून एक पूर्णांक एक तृतीयांश. पायदळाच्या एका घरातल्या तीन तुकड्यांचा मारा आम्ही एकत्र धरतो, त्यांचंही तेवढंच. सगळं मिळून सुमारे १.४ पट. ४५ ला १.४ ने गुणलं की ६३. म्हणून या नियमात मार्क थ्रीला ६३ पट्टे, आणि दर २१ ला चाल घटते. सरासरी वेळ तोच राहतो, फाशाची लहर कमी होते. ज्यांना मूळ खेळातली धाकधूक हवी आहे त्यांनी हा नियम घेऊ नये. मला दोन्ही आवडतं, म्हणून आम्ही आलटून पालटून खेळतो.

जीईव्हीवर मर्यादा. बारात जास्तीत जास्त पाच. अंतराचा कोष्टक पाठ झालेला खेळाडू सगळ्या बाराही जीईव्ही घेतो आणि डाव नुसता पळापळीचा होतो. तो जिंकतोही बऱ्याचदा, पण ओगर चालवणाऱ्याला करायला काही उरत नाही.

लपवलेलं ठाणं. ठाण्याच्या तीन सोंगट्या, खरी कोणती ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. ओगर तीन घरांच्या आत आला की ती सोंगटी उलटायची. ठाण्याच्या तिन्ही जागांमध्ये निदान चार घरांचं अंतर हवं. यात बचाव करणाऱ्याला मोठाच फायदा होतो, म्हणून आम्ही तेव्हा दहाच वाहनं देतो. तरीही डाव त्याच्याकडे थोडा झुकतो असं माझं मत आहे, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

दुरुस्तीचा नियम आम्ही करून बघितला आणि काढून टाकला. ओगर एक पाळी गोळीबार न करता थांबला तर तीन पट्टे परत, असा तो होता. कागदावर निरुपद्रवी वाटला. खेळात काय झालं, तर ओगर पल्ल्याच्या बाहेर जाऊन बसू लागला, वाट बघू लागला. हॉवित्झरला हलता येत नाही, पायदळ तिथवर पोचेपर्यंत पाच-सहा पट्टे परत आलेले. गेलेला पट्टा कायमचा गेला, या एका गोष्टीवर दोन्ही बाजूंची सगळी घाई उभी आहे. तिला हात लावायचा नाही, असं आम्ही त्या रात्री ठरवलं.

पहिल्यांदा खेळणार असाल तर यातला एकही नियम नको, मूळ मार्क थ्री आणि वर दिलेली मांडणी घ्या. नोंदकागदावर ३० आणि १५ च्या आकड्यांभोवती जाड गोल करून ठेवा. नकाशाच्या कडेला छोट्या अक्षरांत तीन ओळी लिहा: ८-६-५, ७-५-४, ६-४-३. दोन डाव बचावाचे, दोन ओगरचे, बाजू बदलून. एका डावाला तासभर पुरतो.